जिभेचा उपास

आमटीचा पहिला घास तोंडात गेला आणि ताईबाईचे डोळे पांढरे झाले. मीठ! मिठाच्या बरणीतच तोंड घातल्यासारखं. समोर तिची धाकटी सून ज्योत्स्ना बसली होती, सासूच्या तोंडाकडं टक लावून. एरवी ताईबाईनं तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. शिवी दातांपर्यंत आलीही होती. तिनं ती घासाबरोबर गिळली, वर तांब्याभर पाणी रिचवलं आणि उरलेली आमटी मुकाट्यानं संपवली.

उपास चालू होता ना! पोटाचा नव्हे, जिभेचा.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, बारामतीच्या चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले होते, "ईस्टरपर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या खोडीचा उपास धरा. मटण सोडलं आणि जीभ मोकाट सोडली, तर काय उपयोग? आणि कुणाला सांगत फिरू नका. सांगितला की मोडला."

सगळी मंडळी सोडून साहेब आपल्यालाच बोलताहेत, असं ताईबाईला वाटलं. तिची जीभ साऱ्या लासुर्ण्याला ठाऊक होती. त्या जिभेपायीच थोरली सून नवऱ्याला घेऊन वेगळी झाली, पुण्याला गेली, ती परत फिरकली नाही. नातवंडांची तोंडं बघायला ताईबाई आसुसली होती. आता धाकटी तरी टिकावी, यातच तिचा सगळा जीव अडकला होता. गोड बोलून बघावं म्हटलं, तर तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. एक शब्द सुटला की त्याच्यामागनं अख्खं खटलं बाहेर यायचं. म्हणून तिनं ठरवलं, धाकटीशी बोलायचंच नाही. म्हशीशी बोलायचं, शेजारच्या बानूबाईशी बोलायचं, लेकाशी, शमुवेलाशी बोलायचं. सुनेपुढं मात्र तोंडाला कुलूप.

पण सैतान काय गप बसतो होय? त्यानं नेमका सुनेचाच हात धरला. एवढी चलाख पोर, पण तिची भाकरी करपायला लागली. दूध उतू जायला लागलं. एकदा तर तिनं सासूचं धुतलेलं लुगडं सासूच्या डोळ्यांदेखत म्हशीच्या गव्हाणीवर वाळत घातलं, आणि म्हशीनं पदर चघळला. ताईबाई अंगणात येरझाऱ्या घालायची. "प्रभू, धर मला, धर," म्हणून पुटपुटायची आणि सैतानाला मनातल्या मनात शिव्या घालायची. हाताला काम होतं, पण जिवाला म्हणून चैन नव्हती. शमुवेल उसाच्या ट्रॅक्टरवर. कारखाना चालू, त्यामुळं त्याचा घरात पाय ठरत नव्हता. आणि असता तरी त्याला सांगणार काय? सांगितला की मोडला!

खारट आमटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात लुना थांबली. इंदापुराहून ज्योत्स्नाचा भाऊ विकी आला होता. ज्योत्स्ना आतनं बॅग घेऊनच बाहेर आली. पायात चपला, डोळे सुजलेले.

"जाते मी, आत्या," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमास्नी माझं तोंडबी नको झालंय. गावाशी बोलता, म्हशीशी बोलता, माझ्याशी न्हाय. चूक काय झाली, ती तरी सांगायची हुती."

अगं आई! अबोला! देवापुढं धरलेला उपास या पोरीला अबोला वाटला होता. बोलावं तर उपास गेला, गप राहावं तर सून गेली. आणि आपण बोलायला लागलो की काय होतं, ते थोरलीच्या वेळी बघितलंच होतं. विकीनं लुना वळवून उभी केली. ज्योत्स्नानं अंगणात पाऊल टाकलं. ताईबाईचं कुलूप तुटलं.

"अगं ए भवाने! भर उनाची कुठं निघालीस? घरात नवरा न्हाय, म्हशीला पानी न्हाय, आन् ही सटवी निघाली माह्याराला! आईनं हेच शिकवलं व्हय? ठिव ती बॅग खाली!"

विकी लालबुंद झाला. "बघ ताई! असल्या शिव्या खात ऱ्हायचं व्हय हितं? चल, बस गाडीवर."

ज्योत्स्ना जागची हलली नाही. बॅग तिच्या हातातनं गळाली. रडता रडताच तिला हसू फुटलं.

"गप रं, विकी," ती म्हणाली. "परक्याला कुणी असं बोलतं का?" मग सासूकडं वळली. "आमटीत मीठ म्याच मूठभर घातलं, आत्या. भाकरीबी म्याच करपवली. म्हटलं, एकदा तरी खेकसाल. खेकसला असता, तर कळलं असतं की मी अजून घरातलीच हाय."

म्हणजे सैतान बिचारा उगाच शिव्या खात होता! ताईबाईच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती दिली असती, तरी पोर हसत घरात गेली असती. पण ती शिवी काही बाहेर पडेना. तिच्या जागी भलतंच काहीतरी घशाशी आलं, उभ्या जन्मात ताईबाईनं कुणाला न म्हटलेलं. शिव्या देणं तिला जमत होतं, गप बसणंही जमलं होतं. हे काही जमेना. तिला दरदरून घाम फुटला.

"चुकलं माझं, पोरी."

आणि म्हणून गेल्यावर तिला उमगलं, घर सोडायच्या दिवशी सगळं सामान टेम्पोत चढल्यावरही थोरली उंबऱ्याशी एवढा वेळ कशासाठी उभी होती.