पटावर पाच

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबायचं," कारकून म्हणाला. त्याच्या हातात एक खाकी पाकीट होतं आणि शिकवण्यावरच्या अभिप्रायाचे पाच कोरे फॉर्म.

मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. तीस बाकं, आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी.

"अहो, एकटीच तर आहे. काय लिहिलं ते मला कळणारच की."

"कळू नये म्हणूनच बाहेर थांबायचं." त्याने फॉर्म मुलीपुढे ठेवले. "बाकीची मंडळी कुठायत?"

"पटावर आहेत."

कारकून हसला नाही. सकाळपासून सहा वर्ग करून तो आला होता. "पाचापेक्षा कमी फॉर्म आले तर पाकीट उघडत नाहीत, मॅडम. कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं ना. तसंच कपाटात जातं."

"आणि मग?"

"मग काय? अभिप्राय नाही, तर पुढच्या वर्षी तासही नाहीत. तासिकेवरच्या सगळ्यांना हाच नियम. माझं चाललं असतं तर मीच बसलो असतो बाकावर." मग मुलीकडे वळून तो म्हणाला, "झालं की पाकिटात घाल, चिकटव आणि खाली माझ्या टेबलावर आणून दे. मॅडमच्या हातात द्यायचं नाही, काय?"

मुलीने मान हलवली. वर पाहिलं नाही. तिने सगळं ऐकलं असणार, असं मॅडमना वाटलं. मग वाटलं, कशाला लक्ष देईल ती.

कारकून पुढच्या वर्गाकडे गेला. मॅडमनी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. दारापासून लांब उभं राहायचं, असं परिपत्रकात होतं. मॅडम दोन पावलं लांब गेल्या. तेवढ्यात फोन थरथरला. पाळणाघरातल्या मावशी होत्या.

"ताप नाहीये हो. पण एक घास घेईल तर शपथ. दाराकडेच बघत बसलाय."

"येतेच मी. अर्ध्या तासात."

हे 'येतेच' वर्षभरात किती वेळा झालं होतं, आणि तेही ऐन तासात. फोन आला की मुलगी पेनाला टोपण लावायची आणि बोलणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायची. दोनदा तर ती दोन बस बदलून आली होती आणि फळ्यावर लिहिलेलं होतं, आज तास नाही. दुसऱ्या दिवशी काही बोलली नव्हती. कुरकूर करणाऱ्याचं बरं असतं, बोलून मोकळा होतो. न बोलणारा सगळं जपून ठेवतो. घरातल्या दीड वर्षाच्या पोराचा चेहरा मॅडमना अंधारातही वाचता यायचा. हिचा मात्र वर्षभरात एकदाही वाचता आला नव्हता.

दाराला तळहाताएवढी काच होती. बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बघितलं.

तिसरं बाक रिकामं होतं.

मुलगी खिडकीपाशी बसली होती. सुरुवातीचे दोन महिने जो उंच मुलगा तिथे जांभया देत बसायचा, त्याच्या जागी. तिने भराभर खुणा केल्या, दोन शब्द खरडले आणि उठली. मागच्या बाकावर गेली. तिथे दोघे मित्र बसायचे. एकाच्या जागी तिने पाय लांब पसरले आणि प्रश्न न वाचता एकाच रांगेत वरून खाली खुणा करत गेली, कँटीनची घाई असल्यासारखी. मग शेजारी सरकली. पेन बदललं. दुसऱ्याच्या जागी जरा रेंगाळली, एक खूण खोडून पुन्हा केली.

मॅडमचा हात दारावर गेला. नुसतं ढकलायचं आणि म्हणायचं, अगं, असं करू नकोस. एवढंच. मुलगी तिथून उठून पुढच्या बाकावर गेली. नोकरी लागल्यावर यायची बंद झालेली एक बाई तिथे बसायची, सगळ्यांत पुढे, पदर सारखा करत. मुलगीही ताठ बसली. ओढणी नीट केली. सुवाच्य अक्षरात, सावकाश, चार ओळी लिहिल्या.

मॅडमनी दारावरचा हात काढून घेतला. आवाज होऊ नये म्हणून हळूच.

चार फॉर्म पालथे घालून मुलगी आपल्या जागेवर परत आली. पाचवा तिने समोर ओढला. आता घाई नव्हती. बराच वेळ ती फळ्याकडे बघत बसली. फळ्यावर आजच्या तासातली एक व्याख्या अर्धीच राहिली होती.

मग ती वाकली. लिहिण्याआधी तिने डाव्या हाताचा आडोसा केला. परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं करतात तसा, कोपर वळवून, कागदाला पार कवेत घेऊन. तिच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, रिकामी बाकं होती.

ती लिहीत राहिली. एक बाजू भरली, तशी तिने कागद उलटला, आणि आडोसाही त्याच्याबरोबर सरकवला.