विसांतला हुकलेला पट्टा

“एकोणीस जणांचं बरोबर. शेवंताचं हुकलं,” केसरीनाथ सरांनी वही मिटून सांगितलं.

वर्गात कुणी हसलं नाही. अठ्ठ्याऐंशी साल, भिवंडीतल्या कॉलेजातला सांख्यिकीचा वर्ग, आणि शेवंताचं आता काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रॅक्टिकलला नापास झालीस तर कॉलेज बंद, कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसायचं, असं तिच्या वडलांनी बजावलं होतं. ते स्वतः तिथेच लूम चालवायचे.

काम तसं सोपं होतं. एका गोदामात कापडाचे बाराशे ताके पडून होते. प्रत्येकाने डोळे मिटून दहा ताके निवडायचे, त्यांची लांबी मोजायची, सरासरी काढायची आणि तिच्या थोडं मागे, थोडं पुढे असा एक पट्टा आखायचा. बाराशेंची खरी सरासरी त्या पट्ट्यात सापडली की जिंकलं. ती सरासरी सरांनी गोदामाच्या रजिस्टरवरून आधीच काढून ठेवली होती. शंभर मीटर.

एकोणीस वह्या त्याच दुपारी आल्या, अगदी स्वच्छ. शेवंता उगवली तिसऱ्या दिवशी. केसांत कापसाचे तंतू आणि आवाज बसलेला.

“सर, रजिस्टर बरोबरच हाय ना?” तिने भीत भीत विचारलं.

सर मूळचे सांगलीचे. आकड्यांवर त्यांचा भारी जीव. लूमचा खडखडाट मात्र रस्त्यावरूनच ऐकलेला. ते हसले. “रजिस्टरला कशाला दोष देतेस? ही पद्धतच पंच्याण्णव टक्क्यांची. वीस पट्टे आखले की एखादा हुकायचाच. यंदा तुझा हुकला, त्यात तुझी चूक नाही. मेहनत खरी आहे ना? मग पूर्ण मार्क.”

शेवंताने मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथे त्या एकोणिसांतला नामा मान खाली घालून बसला होता.

“हो सर,” एवढंच ती म्हणाली.

शहाण्णव साली सर निवृत्त झाले, तेव्हा ती दोघं त्यांच्या घरी आली. शेवंता आता स्वतः कॉलेजात सांख्यिकी शिकवत होती. नामाने वर्गातर्फे भेट म्हणून अख्खा ताका खांद्यावरून आणला होता.

“तुम्ही मार्क दिलेत म्हणून मी शिकले, सर,” शेवंताचे डोळे भरून आले. “आणि त्या दिवशी जास्त खोदून विचारलं नाहीत, ते तर आम्हा सगळ्यांवरच उपकार.”

“उपकार हिचे, सर,” ताका खाली ठेवता ठेवता नामा पुटपुटला.

किती विनयी पोरं, असं सरांना वाटलं. एका हुकलेल्या पोरीला आपण सावरलं, नोकरीचं सार्थक झालं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी जानकीबाई गाद्यांच्या खोळींसाठी ताका मोजायला बसल्या. मदतीला शेजारच्या ठकुबाई होत्या, जन्मभर कारखान्यात राबलेल्या. ताक्याच्या चिठ्ठीवर शंभर मीटर लिहिलं होतं. भरले सत्त्याण्णव.

“फसवलं की हो पोरांना दुकानदाराने!” सर कळवळले.

ठकुबाई खो खो हसल्या. “कुणी न्हाय फसवलं. लूमवर कापड ताणलेलं असतं, तवाच मोजून चिठ्ठी लावतात. उतरवून ठेवलं की आटतं. गोदामाच्या रजिस्टरातपण चिठ्ठीवरचाच आकडा चढतो. इथं शेंबड्या पोरालापण ठाव हाय, सर.”

सर उठले. त्यांनी कपाटातली जुनी वही काढली. एकोणीस नावांपुढे शंभरच्या आसपासचे पट्टे होते. शेवंताच्या नावापुढे ९६.३ ते ९७.७.

त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि चष्मा पुसून लिहायला सुरुवात केली.

‘चि. शेवंतास, आभार मी मानायला हवेत. विसांपैकी ताके उघडून मोजणारी तू एकटीच होतीस.’