लाल गुडघ्यांची पाहुणी

घड्याळजींनी डबी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडायचं काम बाईंवर सोडलं.

डबी मनगटी घड्याळाची होती. आत कापूस होता आणि कापसावर पाय मुडपून पडलेला तळहाताएवढा टॅरँटुला कोळी. अंग काळं, केसाळ, गुडघे तेवढे लालभडक.

"हिची नेमकी जात सांगाल का?" घड्याळजी म्हणाले. "पाळीव प्राण्यांच्या दुकानात नुसतं वर्णन करून मागायची हिंमत होईना. ते काहीही गळ्यात मारतील."

संग्रहालयातल्या त्या खोलीत कोळ्यांचा अभ्यास करण्यात बाईंची हयात गेली होती. त्यांनी दिवा जवळ ओढला.

"तुमची का?"

"मुलीची. नोकरीसाठी आठ महिने परदेशी आहे, गुरुवारी येतेय. त्याआधी अगदी अशीच दुसरी आणून ठेवायचीय. जरा जरी वेगळी असली ना, तर ती दारातूनच ओळखेल."

बायको गेल्यापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. जाताना मुलगी एवढंच म्हणाली होती, "बाबा, हिला तेवढं सांभाळा." घड्याळजींनी नाक मुरडलं होतं. पहिला महिनाभर ते तिला आठ पायांचं लचांडच म्हणत. मग कधीतरी सकाळचा चहा घेऊन काचेच्या पेटीसमोर बसायची सवय लागली. पुढे तर ते तिच्याशी गप्पा मारायला लागले. मुलीशी कधी बोलले नसतील इतकं ते त्या पेटीशी बोलले, आणि हे मुलीला फोनवर एकदाही सांगितलं नाही. आता त्याचीच चुटपुट लागून राहिली होती.

"शेवटचे पाच आठवडे तिनं काही खाल्लं नाही," ते म्हणाले. "बिळाचं तोंडही मातीनं लिंपून घेतलं. मला वाटलं, रुसली असेल. आमच्या घरात ती पद्धतच आहे. परवा सकाळी बघतो तर बिळाबाहेर ही अशी पडलेली. माझंच काहीतरी चुकलं असणार. पाणी कमी पडलं असेल, नाहीतर ऊब."

बाईंनी चिमट्यानं तिला अलगद उचललं, हातावर ठेवून तोलून पाहिलं.

"पेटीतलं बीळ तसंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"छे हो, पेटी कालच चकाचक केली. आधी उकळतं पाणी ओतून काठोकाठ भरली. काही रोगबीग असला तर नवीला लागायला नको. मग तो सगळा चिखल पिशवीत भरला आणि दिला कचऱ्याच्या गाडीत. आमच्या धंद्यात एक कण आत राहिला तरी घड्याळ बंद पडतं."

बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. घड्याळजी खुर्चीच्या कडेला टेकून, टोपी हातात घेऊन बसले होते.

"लाल गुडघ्यांच्या दोन जाती दुकानदार एकाच नावानं विकतात," बाई अखेर म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहिलं. "ही त्यातली. मादी आहे."

घड्याळजींनी चिठ्ठी घेतली, पण वाचली नाही.

"बाई, एक विचारू? माझ्या हातून गेली का ती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वय झालं होतं. खाणं तुटलं, बिळात जाऊन बसली. तुम्ही काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं."

"खरंच?"

"तीस वर्षं हेच काम करतेय मी."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग डोळेही पुसले.

"मग दुसरी कशाला आणू?" ते म्हणाले. "म्हातारी होऊन गेली, असं सरळ सांगतो लेकीला. चहाचंही सांगतो. हसेल मला. बापलेकीत लपवाछपवी पुष्कळ झाली, आता पुरे."

"सांगा," बाई म्हणाल्या. "फक्त ही डबी इथेच राहू द्या."

"संग्रहालयात ठेवणार?"

"हो."

"ठेवा की. लेकीला अभिमान वाटेल." त्यांनी टोपी घातली आणि दारापाशी वळून पुन्हा एकदा आभार मानले.

ते गेल्यावर बाईंनी टाचणीच्या टोकानं तिच्या पाठीवरचं कवच उचललं. झाकणासारखं ते सहज वर आलं. आत काहीच नव्हतं. आठही पाय पोकळ होते. टॅरँटुला अख्खी कात टाकतात, केसांसकट, नखांसकट, आणि अंगावरची नवी कातडी टणक होईपर्यंत काही दिवस बिळाच्या तळाशी गप्प बसून राहतात. घड्याळजींनी पाणी उकळायला ठेवलं तेव्हा ती तिथेच बसली होती.