मडगार्ड

सायकलप्रवासाचा नववा दिवस आणि पावसाची झड काही केल्या थांबेना. माझ्या मागच्या चाकाचा सगळा चिखल धाकट्याच्या तोंडावर उडत होता. मडगार्ड मी निघतानाच काढून ठेवलं होतं. तेवढंच पाव किलो ओझं कमी.

“दादा, अरे डोळ्यांत जातोय.”

“मग लांब राहा की.”

तो राहिला लांब. चढ संपल्यावर मी त्याची वाट बघत थांबलो. त्याच्याऐवजी एक ट्रकवाला धावत वर आला, “पावसात दिसलाच नाही हो,” म्हणत.

महिन्याभराने सायकल दुरुस्तीला नेली. मिस्त्री म्हणाला, “मडगार्ड बसवून देतो. पावसात मागच्याचे फार हाल होतात.”

“नको,” मी म्हणालो. “मागे कोणी नाही.”