मागे नेलेला दिवस

दिपेशने बटण दाबलं आणि घाटकोपरच्या त्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी लॅबचा दिवस सकाळच्या आठवर जाऊन उभा राहिला. घड्याळात मात्र चार वाजले होते.

वरच्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत एकच मोठा सर्व्हर आणि त्याच्या पोटात अकरा आभासी मशीन. एक बिलांचं, एक औषधांचं, एक लॅबचं. सगळी एकाच स्टोरेजवर जगणारी. तीन आठवड्यांपूर्वी हे सांभाळणारा हर्षद नोकरी सोडून गेला आणि हा सगळा संसार दिपेशच्या गळ्यात पडला. सकाळी अपडेट चढवण्याआधी त्याने लॅबच्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची खूण, घेतला होता. काही बिघडलंच तर आठच्या स्थितीला परतता यावं म्हणून. अपडेट झकास बसलं. आता तो स्नॅपशॉट काढून टाकायचा होता. राहिला की तो फुगत जातो, आणि स्टोरेज भरलं की अकराच्या अकरा मशीन जागच्या जागी थबकतात.

स्क्रीनवर दोन शब्द एकाखाली एक होते, डिलीट आणि रिव्हर्ट. डिलीटने नुसती जुनी खूण जाते, दिवसभराचं काम शाबूत राहतं. पण डिलीट म्हटलं की नवख्याचा हात कचरतोच. रिव्हर्ट, म्हणजे मागे फिरणं, त्याला सौम्य वाटलं. मशीनने बिचाऱ्याने विचारलंही, आत्ताची स्थिती जाईल, चालेल? दिपेशने घाईघाईत होय म्हटलं. आणि मग कळलं.

तो धावत लॅबमध्ये उतरला तेव्हा तिथल्या नोंदी भरणाऱ्या कमळताई स्क्रीनसमोर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, पुन्हा नाकावर, पुन्हा कपाळावर. शेजारी तपासणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एकशे बेचाळीस चिठ्ठ्या त्यांनी सकाळपासून संगणकात भरल्या होत्या. रिपोर्ट पाचला वाटायचे होते. स्क्रीनवर एकही नाव नव्हतं.

"ताई, सेव्ह केलं होतंत ना?" लॅबच्या प्रमुख शुभा मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"केलं होतं की. दर वेळी करते."

"मग गेलं कुठे? मशीन मधेच बंद होऊन चालू झालं, ते मी पाहिलं. पण सेव्ह केलेलं त्याने जात नाही. काय रे दिपेश, जातं का?"

"नाही," दिपेश म्हणाला. "त्याने नाही जात."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मॅडमनी कमळताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "गेल्या महिन्यातही एक नाव राहून गेलं होतं, ताई. सोमवारपासून तुम्ही खाली रक्त घ्यायच्या खिडकीवर बसा. तिथली नंदा इथे येईल. राग मानू नका हं."

"राग कसला, मॅडम. माझोच घोळ झालो असतलो." भांडुपला चाळीस वर्षं काढली तरी मन हललं की त्यांच्या तोंडात गावची बोली यायची. मॅडम आत गेल्या. कमळताईंनी पहिली चिठ्ठी पुढे ओढली.

"सुटलास रे तू," त्या हसून म्हणाल्या. "मला वाटलं, तुझं यंत्रच बिघडलं."

दिपेशची नजर चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर गेली.

"आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅसवरचं दूध विसरायची. मग नावं. शेवटी मलाच विचारायची, तू कुणाची गं? मी आपली जपते. रात्री कीर्तन ऐकते आणि सकाळी सुनेला सगळी कथा सांगते, मुद्दाम, डोकं जागेवर आहे का बघायला. परवा कथेतल्या राजाचं नाव काही केल्या आठवेना." त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

कुणी काय दाबलं, किती वाजता दाबलं, याची नोंद वरच्या सर्व्हरमध्ये होती. ती उघडायची किल्ली एकट्या दिपेशकडे. बाकी बघणारा एक देव, आणि तो कुणाला फोन करून सांगत नाही.

"मॅडम," दिपेशने हाक मारली. "मॅडम, जरा बाहेर या."

त्या आल्या.

"ताईंनी सेव्ह केलं होतं. मी मशीन मागे नेलं. आठ वाजताच्या जागी. चुकून. नंतरचं सगळं पुसलं गेलं."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "आणि मघाशी मी तुला काय विचारलं होतं?"



कमळताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "म्हणजे मी भरलं होतं?"

"हो, ताई."

"सगळं?"

"सगळं."

त्या पुन्हा बसल्या. रागावतील असं दिपेशला वाटलं. चार शिव्या बसल्या असत्या तर त्यालाही बरं वाटलं असतं. त्यांनी गठ्ठा उचलून त्याच्या हातात कोंबला. "बस इथे. एकेक वाच. पाचला माणसं दारात उभी राहतील."

तो स्टुलावर बसला. "बळवंत तांडेल. हिमोग्लोबिन..."

"थांब. आकडा सांगू नकोस." त्यांनी डोळे मिटले. क्षणभर ओठ नुसतेच हलले. "नऊ पॉइंट चार. आणि साखर एकशे अठ्ठ्याऐंशी."

दिपेशने चिठ्ठी पाहिली. मग मॅडमकडे. मॅडम जागच्या हलल्या नव्हत्या.

"बरोबर," तो म्हणाला.

"पुढचं."

पुढचं नाव वाचताना त्याने खालचे आकडे अंगठ्याने झाकून धरले.