तोफेच्या अलीकडे

पुलावरची तोफ बसने आधी ओलांडली होती. म्हणजे गाडी मागे घ्यायची ती आता शिवणाच्या बाईंनी.

पूल जुना, दगडी. किनाऱ्यापासून समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत गेलेला आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच रुंद. मधोमध, कठड्यात एक गंजकी तोफ उभी पुरलेली. तोफेशी जो आधी पोचेल तो पुढे, दुसऱ्याने मागे, अशी पाटीच होती पुलाच्या तोंडाशी. बाईंनी ती नीट वाचलीही होती. पण लाटा बघण्याच्या नादात समोरून बस येतेय हे ध्यानातच आलं नाही.

कालपासून त्या अगदी मजेत होत्या. एकामागून एक बुरूज, दीपस्तंभ, ओसाड धक्के. वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तितकं बघायचं. शेजारी बसून "गतिरोधक आला, गतिरोधक!" म्हणणारं कोणी नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकलेली गाडी बाई पुढे छान न्यायच्या. मागे घेणं मात्र कायम यजमानांकडे. कालही त्यांनीच अंथरुणातून उठून गाडी फाटकाबाहेर काढून दिली आणि वर बजावलं, "किल्ली परक्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर पुढच्या खेपेपासून मी शेजारी बसणार. कबूल?"

बाईंनी कबूल केलं होतं. आणि बाईंचा शब्द म्हणजे शब्द. म्हणून तर त्या वळसा घालून निघता येईल अशाच जागा बघून थांबत होत्या.

बसने हॉर्न दिला. बाईंनी गाडी मागे घेतली, तशी ती तिरकी झाली आणि आरसा कठड्याला कर्रकन घासला. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"डावीकडे कापा, डावीकडे!"

"अहो, उजवीकडे! डावीकडे समुद्र आहे!"

"तो दोन्हीकडे आहे," बाई हळूच म्हणाल्या. "आधी तुमचं तुम्ही ठरवा."

कंडक्टर उतरून खिडकीशी आला. माणूस भला होता. "मावशी, उतरा तुम्ही. आमचे ड्रायव्हर मिनिटात काढून देतील. घरचं कोणी नाही का बरोबर?"

बाईंचा हात किल्लीपाशी गेला. एक मिनिटाचं काम, सगळ्यांचा खोळंबा मिटला असता. आणि मग जन्मभर गतिरोधक, गतिरोधक.

त्यांनी आरशात पाहिलं. कठड्याची कड मागे सरळ गेली होती, कापडाच्या काठासारखी. वर्गातल्या किती मुलींना त्यांनी सांगितलं असेल, "सुईकडे नको गं बघू, काठाकडे बघ. टीप आपोआप सरळ येते." आणि आत्तापर्यंत त्या स्वतः मात्र डोळे वटारून बसकडे बघत होत्या.

"बसा तुम्ही गाडीत," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "मी घेते."

हात जोडायला मोकळे नव्हते, म्हणून मनातच जोडले. चाक सरळ केलं. बसवरची नजर काढून आरशातल्या काठावर ठेवली आणि मशीनवर ठेवावा तसा पाय अलगद ठेवला. गाडी मागे सरकली. थोडी थांबली, पुन्हा सरकली. समोरून बस तितकीच पुढे येत होती. खिडक्यांमधले सल्ले एकेक करून बंद पडले. मागची चाकं पुलावरून मातीवर उतरली तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला.

बस शेजारून गेली. ड्रायव्हरने हात वर केला.

"मावशी, घासलंय हो जरा!" कंडक्टर ओरडला.

"घासू दे!" बाईही चक्क ओरडल्या.

मग त्या पुन्हा पुलावरून किल्ल्यापर्यंत गेल्या. तटाखालचं सगळं आवार रिकामं होतं, गाडी सरळ नेऊन कुठेही उभी करता आली असती. बाईंनी ती मुद्दाम फिरवली, सावकाश मागे घेत तटाला लावली आणि घरी फोन केला.

"कुठे अडली नाहीस ना?" यजमानांनी विचारलं.

"अडले होते. पुलावर. मागे घ्यावी लागली."

"अरेरे!" आवाजातली खुशी काही लपली नाही. "मग? कोणी घेतली?"

ओरखडा आलेल्या आरशात तटाची फट दिसत होती आणि फटीतून समुद्र.

"घरच्याच माणसानं," बाई म्हणाल्या.