यंत्रावरचा हिरवा पुडा

प्राध्यापक योउंच्या आयन-यंत्रातला जांभळा प्लाझ्मा सतत विझायचा आणि तो दिवसभर तेवल्याशिवाय त्यांची विद्यार्थिनी पेइ-चन हिची डॉक्टरेट काही होणार नव्हती. अखेर पोरीने इथे तैवानात, आमच्या शिनचूत सगळे करतात तेच केलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा त्याच्यावर चिकटवला. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. असा पुडा कुणी खात नाही, हलवत तर नाहीच. प्लाझ्मा दिवसभर तेवला.

मी समोरच्या इमारतीत बहुविध झीटा मूल्यांची समीकरणं सिद्ध करतो. माझ्या नव्या लेखावरही आज सकाळी माझ्या विद्यार्थ्याने असाच पुडा ठेवला. गुरूवरची श्रद्धा, दुसरं काय! तरी गणिती स्वभाव, म्हणून पेइ-चनला विचारलं, "पुड्यामुळेच तेवला, याला पुरावा काय गं?"

तिने योउ लांब आहेत ना ते पाहिलं. "वेंग सर, पुड्याखाली गॅसची चावी आहे. आमचे सर येता-जाता ती 'अगदी किंचित' फिरवायचे. मी नको म्हटलं तर ऐकतात होय? पण पुड्याला हात लावायची त्यांची छाती नाही."

योउंच्या नावाने पोटभर हसून मी माझ्या खोलीत आलो. महिन्यापूर्वी पूर्ण झालेल्या लेखातली एखादी ओळ रोजच्यासारखी अगदी किंचित देखणी करावी म्हणून पेन काढलं, पुड्याकडे पाहिलं आणि पेन मुकाट्याने पुन्हा खिशात ठेवलं.